सूप थांबलं की

माझ्याकडं लोक गोष्टींची बाडं घेऊन येतात. कुणी मास्तर असतो, कुणी बँकेत असतो. एक बाई तर नोकरी संपल्यावर कादंबरी घेऊन आली होती, पोत्याच्या सुतळीनं बांधलेली. छापायला द्यायच्या आधी एकदा आजीला वाचून दाखवा, असं एकानं दुसऱ्याला सांगितलेलं असतं. मी कुठल्या छापखान्याची नाही, कुण्या मासिकाची नाही. घरात बसलेली बाई आहे. येणारा वाचतो, मी पुढ्यात पाखडायचं सूप घेते आणि ऐकते.

चहा झाला की सगळे एकच विचारतात. आजी, हे काम करायला माणसाच्या अंगी काय लागतं?

काय सांगावं. शुद्धलेखन म्हणाल तर ते मला आजही धड येत नाही, ते दुसऱ्याकडून करून घ्या म्हणून मीच सांगते. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. झरीला माहेरी माझा भाऊ ओट्यावर बसून धडा वाचायचा आणि मी त्याच्या समोर बसून कापसातल्या सरक्या काढायची. त्याला पुस्तक सरळ, मला उलटं. अक्षरं मला उलटीच ओळखू यायला लागली, ती सरळ करायला पुढं लय दिवस गेले. अजूनही समोरच्याच्या हातातलं पान मला उलटं वाचता येतं. बाबा, आत्ता जी ओळ गिळलीस ती वाच की, असं म्हटलं की लेखक दचकतात.

पण शिकले म्हणाल, तर ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याशी मी समोरासमोर कधी बोलले नाही. ते माझे भाया. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भाया म्हणतात. भायाच्या पुढं यायचं नाही, त्यांच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही. काही सांगायचंच झालं तर मधी कुणीतरी पाहिजे, आणि कुणी नसलं तर भिंतीला सांगायचं. ‘भिंती गं भिंती, पान वाढलंय म्हणाव.’ भिंतीपलीकडं भाया ऐकायचे आणि उठून हात धुवायचे. आता नातसुना हसतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

लग्न होऊन मी जिंतूरला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे मालक शेती बघायचे. भाया तहसील कचेरीत कारकून होते. दिवसभर उर्दू. अर्ज उर्दूत, मिसली म्हणजे कचेरीच्या फायली उर्दूत, साहेबाची शिवीसुद्धा उर्दूत. घरी आले की बोलायला मराठी, पण ते फारसं बोलायचेच नाहीत. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, मी येण्याच्या आधी बाळंतपणात गेली होती. मूलही राहिलं नव्हतं. तिचं लुगडं अजून माजघरातल्या वलणीवर होतं. ते कुणी काढत नव्हतं आणि त्याच्याविषयी कुणी बोलतही नव्हतं. मी त्याच्याखालून वाकून जायची.

भाया कादंबरी लिहीत होते. मराठीत. हे मला कळलं ते असं, की जुम्म्याला कचेरीला सुट्टी असायची आणि जुम्म्याच्या दुपारी ते ओसरीवर बसून आठवडाभर लिहिलेलं आत्याबाईंना वाचून दाखवायचे. आत्याबाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. झोपायच्या की ऐकायच्या, देव जाणे. मालक असले तर जांभया द्यायचे. आणि मी आत, माजघराच्या दाराआड, तुरीची डाळ पाखडत बसलेली. संक्रांत झाली की वर्षाची डाळ करायची. जात्यावर भरडायची, मग पाखडून टरफल काढायचं. लय दिवसांचं काम असतं ते.

कादंबरीतली बाई म्हणजे माझी जाऊ, हे मला पहिल्याच जुम्म्याला समजलं. नाव दुसरं होतं, गाव दुसरं होतं. पण तिनं सासरी आल्यावर पहिल्या दिवशी झाडणी कुठं ठेवतात हे विचारायची लाज वाटली म्हणून चुलीपुढची राख पदरानं लोटली, असं त्यात होतं. असलं कुणाला मनानं सुचत नाही. मी हातातलं सूप तसंच धरून बसले. मी पण त्या घरात तेच केलं होतं.

आणखी एक होतं. त्या बाईचा नवरा कचेरीतून यायचा आणि दारात जोडे काढायचा. एक जोडा पडल्याचा आवाज, मग जरा वेळ काही नाही, मग दुसरा. त्या मधल्या वेळात ती चुलीवरचं उतरवून ठेवायची. माझं सूप तिथंही थांबलं.

भाया छातीचे नाजूक होते. वाचता वाचता खोकला यायचा, मग पाण्याचा घोट घेऊन पुन्हा वाचायचे. घरात कुणी रोगाचं नाव घेत नव्हतं, पण त्यांचं ताट-वाटी वेगळं झालं होतं, ते त्यांनी स्वतःच केलं होतं. एकदा मालकांना ते म्हणाले, मी आत ऐकत होते, “धाकट्या, मला आता फार काही लिहायचं न्हाई. हे एक व्हावं. ती काय होती हे कुणालाच मालूम न्हाई. गेली म्हणून सांगतात, होती म्हणून कुणी सांगत न्हाई.”

मालक म्हणाले, “होईल की दादा.”

“चांगलं व्हावं.”

तर असं होतं ते. त्यांना वेळ थोडा होता आणि काम चांगलं व्हायला पाहिजे होतं.

मग काही जुम्म्यांनी भायांनी तोच सुरुवातीचा भाग पुन्हा वाचला, सुधारून. मी आपली वाट बघत होते, आता झाडणी येईल, आता राख येईल. आलीच नाही. त्याच्या जागी चंद्रिकेच्या शीतल लहरींत न्हालेली ती लावण्यलतिका अंगणात उभी होती. जोड्यांचा आवाज गेला होता, तिथं विरहाचा दावानल आला होता. मी फटाफट पाखडत होते. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. आणि बाहेर भायांचा आवाज खुशीत येत चालला होता.

दुसऱ्या दिवशी ओसरी झाडताना त्यांचे कागद वरवंट्याखाली ठेवलेले दिसले. कचेरीतली लाल-निळी पेन्सिल असते ना, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी, तिच्या लाल टोकानं बरोबर तेवढंच खोडलं होतं जिथं मी थांबले होते. राख खोडली. जोडे खोडले. मला कळेना.

कळलं ते जेवताना. मी आत भाकरी करत होते आणि बाहेर दोघं भाऊ पानावर बसले होते. मालक भायांना म्हणाले, “दादा, तुमी एवढं वाचता. आई झोपती, मला कळत न्हाई. मग तुम्हाला उमगतं कसं, काय ठीक झालं न् काय न्हाई?”

भाया म्हणाले, “आत सूप चालतं ना. त्याच्यावर उमगतं.”

“सुपावर?”

“जात्यावरची ओवी चांगली असली की जातं हलकं फिरतं. ओवी अडली की हात अडतो. तसंच हे. सूप चालू राहिलं तर समजावं गोष्ट चालली. थांबलं की समजावं, वाक्य रुतलं. तिथं मी खूण करतो.”

माझी तव्यावरची भाकरी करपली.

त्यांचं चुकीचं होतं असं तरी कसं म्हणू? ओवीचं तसंच असतं. आमच्याकडं जातं ओढणाऱ्या बाया ओवीची पारख अशीच करतात. पण ओवी ही हाताबरोबर चालायची वस्तू आहे. गोष्ट तशी नाही. चांगली गोष्ट हात धरते. हे मला तेव्हा असं बोलून दाखवता आलं नसतं. एवढंच कळलं की ते माझ्या हाताचं ऐकत होते आणि हाताचं नेमकं उलटं ऐकत होते.

मी मालकांना सांगितलं. म्हटलं, “त्यांना सांगा ना. सूप आवडलं की थांबतंय.”

ते हसले. “आता तू कचेरीत जाऊन बस. दादा मिसली लिहितील, तू सुपात पाखडून दे.”

“मी चेष्टा करायली न्हाई.”

“अगं, मी काय सांगू त्यांना? भावजय म्हणायली असं लिहा, तसं लिहा? आणि ती पोथी कुणाची हाय, तुला मालूम हाय. त्यात मी हात घालीत न्हाई.”

आत्याबाईंना सांगायची तर सोयच नव्हती. त्या जावेचं नावही घेऊ देत नव्हत्या.

मग मी एक केलं. पुढच्या जुम्म्यापासून मी सूप उलटं चालवायला लागले. चांगली ओळ आली की जोरात पाखडायचं. लावण्यलतिका आली की थांबायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते. चांगली ओळ ऐकू आली की हात जड होतो, त्याला ढोसून ढोसून हलवावं लागतं, आणि पाखडायच्या आवाजात पुढची ओळ हरवते. पण गुण आला. चंद्रिका गेली. दावानल विझला. कादंबरीतली बाई पुन्हा आमच्यासारखी चालू-बोलू लागली. तिला दात दुखायला लागला, तिची शेजारणीशी कुरबुर झाली. मालकसुद्धा एकदा म्हणाले, “दादा, हे बाकी झकास झालं.” उठताना भायांनी कागद दोन्ही हातांनी उचलले.

होळी जवळ आली होती. डाळ संपत आली होती. एका जुम्म्याला मी आत बसले आणि भायांनी दोनदा घसा खाकरला. मग वाचायला लागले.

त्या बाईचं बाळंतपण होतं.

आमच्याकडं तेव्हा बाळंतिणीला पाणी देत नव्हते. पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. तोंड ओलं करायला बाळंतशेपाचा काढा, घोट दोन घोट. पाण्यानं वारा शिरतो, बाळंतीण जाते, असं सगळ्याच बाया सांगायच्या. कादंबरीतला नवरा ओसरीवर बसला होता. आतून त्याला बायकोचा आवाज येत होता, पाणी द्या म्हणून. मग त्याच्या आईचा आवाज, न्हाई. पुन्हा पाणी. पुन्हा न्हाई. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, म्हणून तो बसून होता. आणि भायांनी लिहिलं होतं, रांजण त्याच्या हाताशी होता. झाकणावर तांब्या होता. त्याला पाण्याचा गारवा दंडाला लागत होता.

मी ठरवून बसले होते की पाखडायचं. चांगलं आहे, पाखड, असं मी मनात म्हणतही होते. हात हलला नाही. सूप मांडीवरून घसरलं आणि डाळ सगळ्या माजघरात सांडली. त्या आवाजात एक वाक्य गेलं. मग बाहेर दुसरा आवाज झाला, आत्याबाई उठल्याचा. त्या झोपलेल्या नव्हत्या. त्या परसात निघून गेल्या.

भाया थांबले. आत सूप नाही, बाहेर आई नाही. त्यांनी काय समजावं?

त्या दिवशी न्हाणीपुढच्या चुलवणात कागदाची राख होती, वाचलेल्या तेवढ्याच पानांची. त्यात मी काठी घातली नाही.

पुढं त्यांनी वाचणं बंद केलं. खोकल्यातून रक्त यायला लागलं. हकीम झाला, मग मालक त्यांना बैलगाडीनं परभणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिथल्या डॉक्टरनं हवा बदला म्हणून सांगितलं. जिंतूरची हवा बदलून कुठं जायचं. घरीच आणलं. ओसरीच्या खोलीत बाज टाकली. आत्याबाई त्यांचं सगळं करायच्या, पण दोघं मायलेकरं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. घे. ठेव. झालं. चौथा शब्द नाही.

उन्हाळ्यातला एक जुम्मा होता. भायांनी बाड मागून घेतलं. आत्याबाई पंख्यानं वारा घालत होत्या. मी भिंतीच्या अलीकडं होते. पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग भाया म्हणाले, “आई, हे काही खरं न्हाई झालं. बिनजिवाचं हाय. चुलवणात घाल.”

 पंखा चालूच होता.

मला सातवा महिना होता. तेव्हाच्या रीतीनं तर मी त्या भिंतीजवळसुद्धा बसायला नको होतं. पण मी बोलले. भिंतीला म्हटलं, “भिंती गं भिंती, त्यांना म्हणाव, सूप रुतलं म्हणून थांबत न्हाई. आवडलं की थांबतंय.”

पंखा थांबला.

मी पुन्हा म्हटलं, “राख आवडली होती. जोडे आवडले होते. रांजण तर... म्हणाव, रांजणापाशी सूप हातातून पडलं.”

 मग भाया हसले. हसता हसता खोकला आला, तो थांबायला वेळ लागला. “मग मी सगळं उलटंच केलं की,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “आई, तिला विचार, काय काय ध्यानात हाय.”

माझ्या पुष्कळ ध्यानात होतं. ऐकून धरायची सवय आमच्या पिढीच्या बायांना होतीच, लिहून ठेवणार कुठं. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीआडून सांगायची, आत्याबाई मधी बसायच्या, भाया लिहायचे.  मालक शाई धरायचे. त्यात मला एक मोह व्हायचा, तो सांगते, कारण या कामात तो सगळ्यांनाच होतो. सांगता सांगता वाटायचं, इथं आपला एक शब्द घालावा, जरा बरं होईल. कुणाला कळणार होतं? पण ते बाड त्यांचं होतं आणि बाई त्यांची होती. मी नुसती ऐकणारी. जे ऐकलं तेवढंच परत दिलं.

असं करत बाळंतपणावर आलो. मी अडखळले. भिंतीला म्हटलं, “आत्याबाईंना उठून जायचं असलं तर जाऊ द्या म्हणाव.”

आत्याबाई म्हणाल्या, “मला काय सांगायलीस भिंतीतून. बोल तू.”

मी बोलले. पाणी, न्हाई, पाणी, न्हाई. हाताशी रांजण, झाकणावर तांब्या, दंडाला गारवा. मग म्हटलं, “इथं एक वाक्य होतं. ती बाई शेवटी काहीतरी बोलती. डाळ सांडली तेव्हा माझ्या कानावरून गेलं. मला ते आठवत न्हाई.”

भाया म्हणाले, “मलाही आठवत न्हाई. मी तरी आत कुठं होतो? मी मनानंच काहीतरी घातलं होतं.”

मालक म्हणाले, “मग आता घाला की काहीतरी. एक वाक्य तर हाय. तिनं देवाचं नाव घेतलं म्हणा.”

मी म्हटलं, “मी घालणार न्हाई.”

 बाहेर गल्लीतून कुणाची तरी शेरडं गेली, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येऊन गेला. भायांनी टाक खाली ठेवला असावा, कारण मालक म्हणाले, राहू द्या दादा, उद्या बघू.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. आवाज नेहमीसारखाच होता, भाजी निवडताना बोलतात तसा. “काही बोलली न्हाई ती. तांब्याकडं बघत होती.”

“कोणत्या तांब्याकडं?” भायांनी विचारलं.

“मी पेले होते पाणी. तिच्यासमोर. लय उकडत होतं. तांब्या माझ्या हातात होता.”

पलीकडं टाक उचलल्याचा आवाज झाला. नंतर भाया म्हणाले, “आई, हे लिहू?”

“लिही.”

“तुला लागंल. उद्या लोक वाचतील.”

“लागू दे. मी दिलं न्हाई पाणी. लिही.”

त्यांनी लिहिलं. त्या पानावर अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. आत्याबाईंशी मात्र बोलायला लागले. आई, उशी वर कर. आई, आज ऊन कसं हाय. एकदा म्हणाले, आई, थोडं पाणी दे, आणि आत्याबाईंनी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला आणि तो रिकामा झाला तरी लावूनच बसल्या, मी दाराच्या फटीतून बघितलं. उन्हाळा सरायच्या आत भाया गेले.

मी झरीला बाळंतपणाला जायची होते. आत्याबाईंनी पाठवलं नाही. मला भ्या वाटलं. सुईण म्हणाली, पाणी द्यायचं न्हाई हं. आत्याबाई हो म्हणाल्या, तिला वाटंला लावलं, आणि माझ्या उशाशी भरलेला तांब्या ठेवून भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी पाणी पेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

मालकांनी परभणीहून बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडं पोस्टानं धाडलं. कितीतरी दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्यानं बायकी मन चांगलं जाणलंय, छापू म्हणून. फक्त शेवटचं प्रकरण काढावं. सासू म्हणजे आईच असते, ती अशी दाखवली तर वाचणाऱ्याचं मन विटेल. सासू सुनेच्या डोक्यावरून हात फिरवते आणि सून समाधानानं डोळे मिटते, असं केलं तर बरं होईल, आणि ते आम्हीच करून घेऊ.

मालकांनी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं.

“काढायचं न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या.

“आई, दादाचं नाव होईल. त्यात तुझंही चांगलंच दाखवायलेत.”

“मी हात फिरवला न्हाई तिच्या डोक्यावरून. काढायचं न्हाई.”

बाड परत आलं. पुढं गडबडीचे दिवस आले, रझाकारांच्या भ्यानं आमच्या गल्लीतली कितीतरी घरं वऱ्हाडात गेली, आम्हीही गेलो. बाड डाळीच्या डब्यात घालून नेलं आणि तसंच परत आणलं. निजामाचं राज्य गेलं. आत्याबाई गेल्या. तेव्हा मालक मला म्हणाले, “आता कुणाला लागायचं राहिलंय? ते पान काढू, छापून घेऊ. दादाची इच्छा होती.”

मी म्हटलं, “त्यांची इच्छा जाऊबाई कशा होत्या हे सांगायची होती. छापायची नुसती नव्हती.” बरोबर बोलले का चूक, मला आज सांगता येत नाही. पुस्तक झालं असतं तर चार लोकांनी तिला ओळखलं असतं. खोट्या शेवटासकट का होईना, झाडणी आणि जोडे तर राहिले असते. कधी कधी वाटतं, द्यायला पाहिजे होतं. मग ते पान काढून बघते आणि पुन्हा बांधून ठेवते. कसर लागलीय त्याला. मधली काही पानं आता चाळणीसारखी झालीत.

तर हे काम करायला काय लागतं, म्हणून विचारतात. मला एवढंच येतं. बाळंतपण असो, भांडण असो, मरण असो, मी लेखकाला विचारते, त्या खोलीत कोण होतं? तू होतास का? नव्हतास तर जो होता त्याला जाऊन विचारलंस का? पुष्कळांना ते आवडत नाही. काही जण परत येत नाहीत. आणि जिथं वाक्य सुटलंय तिथं मी माझं घालून देत नाही, कितीही हात जोडले तरी.

परवा एक मुलगी आली होती, नवीनच लिहिणारी. वाचता वाचता एकदम गप्प झाली आणि माझ्या हाताकडं बघायला लागली. म्हणाली, “आजी, सूप थांबलं. काही चुकलं का?”

“न्हाई बाई,” मी म्हटलं, “चुकलं न्हाई.” आता मी तोंडानं सांगते, समोर बघून. तिनं पुढं वाचलं आणि मी सूप खालीच ठेवलं.